पनवेलची नळी कालिकतला जाते

केरळहून परत आल्यापासून सेक्टरमधली जी बाई भाजीवाल्यापाशी भेटते ती हेच विचारते, की हाउसबोटीत बसलात का. नाही बसले. मग ती मोठी देवळं तरी पाहिली असतील? तीही नाही. जरीकाठाची पांढरी साडी आणली का, तर तीही राहिली. हलवा तेवढा आणला होता, तो शेजाऱ्यांनी संपवला. मग आठवडाभर केलंत तरी काय? एक इस्पितळ पाहिलं, एक लाकडी जहाज पाहिलं आणि एका माणसाचा पाय पाहिला. एवढं सांगितलं की बाई कोथिंबिरीची जुडी निवडायला लागते. म्हणून म्हटलं, उभ्या उभ्या सांगण्यापेक्षा सगळं एकदा बैजवार लिहून काढावं.

आधी आमच्या कारखान्याबद्दल सांगते. कारखाना हा शब्द मोठा झाला, पनवेलच्या बाहेर औद्योगिक वसाहतीत आमचा पत्र्याचा एक गाळा आहे. एका बाजूला मसाल्याची गिरणी, दुसऱ्या बाजूला खुर्च्या करणारे. मध्ये आम्ही कॅथेटर करतो. कॅथेटर म्हणजे नळी. उदबत्तीच्या काडीएवढी जाड आणि दोन हात लांब. जांघेतल्या रक्तवाहिनीतून ती आत सरकवायची आणि जिथे रक्ताची गुठळी अडकली आहे तिथपर्यंत नेऊन गुठळी विरघळवणारं औषध थेट तिच्यावरच सोडायचं. दंडातून सुई दिली तर ते औषध अंगभर फिरतं आणि भलतीकडेच रक्तस्राव होण्याची भीती असते. नळीने दिलं तर थोडक्यात काम होतं.

आमच्या नळीचं टोक बंद असतं आणि शेवटच्या वीतभर भागात बारीक छिद्रं असतात. सगळी छिद्रं सारखी ठेवली तर पहिल्या दोन-चारांतूनच औषध निघून जातं आणि टोकाकडची कोरडी राहतात. मिठागरात खाडीचं पाणी घेताना जवळचे वाफे भरतात आणि लांबचे ताटकळत राहतात, तसंच. म्हणून आम्ही टोकाकडची छिद्रं जराजराशी मोठी करत नेली. हे जमायला आम्हाला दोन वर्षं लागली आणि त्यात माझे बरेच केस पांढरे झाले.

मिठागराचा दाखला माझा नव्हे, भागीदाराचा. मी जन्माने पुणेकर, प्लॅस्टिकचं शिक्षण घेतलेली, मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून इथे आलेली. हे भागीदार, काशीनाथशेठ, पनवेल-उरण रस्त्यावरच्या गावातले. मिठागरं आणि भातशेती सरकारने नव्या शहरासाठी घेतली तेव्हा त्यांच्या भावकीने गाड्या घेतल्या, बंगले बांधले. शेठनी हा गाळा घेतला आणि यंत्र आणलं. का, तर त्यांच्या वडिलांचा पाय गुठळीने गेला होता, गुडघ्यापासून कापला होता. ही गोष्ट ते कुणालाही, कुठेही, न विचारता सांगतात. त्यांची बायको भारतीवहिनी आमचा पॅकिंग विभाग सांभाळते. बायकांच्या बांगड्या काढायला लावणं, टोपीतून एक केस बाहेर दिसला तरी घरी पाठवण्याची धमकी देणं, हे सगळं वहिनींकडे. मीसुद्धा त्यांच्या खोलीत चप्पल घालून पाऊल टाकत नाही.

आम्ही सुरुवात केली तेव्हा या नळ्या परदेशातून यायच्या आणि इतक्या महाग असायच्या, की इस्पितळं एकच नळी धुऊन, जंतू मारायच्या गॅसमध्ये घालून पुन्हापुन्हा वापरायची. त्यात डॉक्टरांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. नळी धुतली नाही तर पुढच्या रोग्याला नळीच नाही, अशी स्थिती होती. पण धुतलेल्या नळीची बारीक छिद्रं बुजतात आणि प्लॅस्टिक थकतं. आम्हाला अशी नळी करायची होती, की ती एका माणसाला एकदाच वापरावी आणि फेकून द्यावी. ते परवडण्याइतकी ती इथेच, पनवेलमध्ये व्हावी.

मुंबईतल्या डॉक्टरांच्या एका परिषदेत आम्ही मांडलेल्या टेबलाशी बहुतेकांनी फक्त चहा प्यायला. कालिकतचे डॉक्टर मेनन मात्र खुर्ची ओढून बसले आणि नळी हातात घेऊन बराच वेळ वाकवून पाहत राहिले. पुढे त्यांच्या इस्पितळाच्या समितीने कागद तपासून होकार दिला आणि एके दिवशी त्यांचा फोन आला. पायात गुठळी अडकलेला एक रोगी दाखल झाला आहे, शस्त्रक्रियेने पोचता येणार नाही इतक्या खाली ती गेली आहे, नळ्या घेऊन लगेच निघा.

गाडीत

कोकणातली नवी रेल्वे सुरू झाल्यापासून केरळची गाडी पनवेललाच पकडता येते, याचा आम्हा पनवेलकरांना कोण अभिमान. आधी मुंबईला जाऊन बसायचं आणि उलट यायचं, तो वनवास संपला. स्टेशनवर वहिनी नळ्यांचा खोका घेऊन आल्या. खोक्याला हार होता. त्यांनी मला ओवाळलं, शेठना ओवाळलं आणि खोक्यालाही ओवाळलं. आमच्याकडे नवं काही दाराबाहेर पडतं ते कुंकू लावल्याशिवाय नाही. यंत्र आलं तेव्हा त्यालाही लावलं होतं. खोक्यावर कुंकू दिसत नाही असं मला ओझरतं वाटलं, पण गाडी आली आणि ते तिथेच राहिलं.

खोका शेठनी मांडीवर घेतला तो रात्री झोपेपर्यंत उतरवला नाही. समोर नवीन पनवेलमध्येच राहणारं एक मल्याळी जोडपं होतं, सुटीला गावी निघालेलं. रोह्याच्या आत त्यांना वडिलांच्या पायाची गोष्ट कळली होती आणि रत्नागिरीपर्यंत छिद्रांचीही. त्या गृहस्थांनी बदल्यात आम्हाला दोन मल्याळी शब्द शिकवले, चोरु म्हणजे भात आणि मीन म्हणजे मासा. शेठ म्हणाले, एवढ्यावर आपलं भागेल.

बोगदा, दरी, खाडी, पुन्हा बोगदा. डोंगराच्या पोटातून बाहेर पडलं की एकदम खाली नदी आणि नारळी. पुण्याहून मी पूर्वी एसटीने कोकणात यायची ती घाटात ओकत यायची, आणि इथे मी खिडकीला कोपर टेकवून शेंगदाणे खात होते. सकाळी जाग आली तेव्हा पाट्यांवरची अक्षरं गोल झाली होती. फलाटावर पिकलेल्या केळ्याची भजी विकायला होती. भजी आणि गोड, ही कल्पना मला सोसवली नाही. शेठनी मात्र माझ्याही वाटणीची खाल्ली.

कालिकत

स्टेशनच्या पाटीवर कालिकतचं तिथलं नाव, कोझिकोड, लिहिलेलं. शहर पाहताक्षणी मला ओळखीचं वाटलं. कौलारू दुकानं, लाकडाच्या वखारी, मशिदीच्या बाजूला मसाल्यांचा वास. आमच्या जुन्या पनवेलचं बाजारपेठेचं टोक कुणीतरी धुऊन-पुसून इथे ठेवलंय असं म्हणाले, तर शेठना राग आला. आपलं काय घाण हाय का, असं त्यांचं म्हणणं.

इस्पितळात डॉक्टर मेनन आम्हाला आधी रोग्याकडे घेऊन गेले. वेलायुधन त्यांचं नाव, पन्नाशी उलटलेले, बेपूरच्या किनाऱ्यावर लाकडी जहाजं बांधणारे सुतार. जगभर लोखंडी बोटी झाल्या तरी अरबस्तानातले व्यापारी अजून इथे मोठाली लाकडी जहाजं बांधून घेतात. वेलायुधन जहाजाच्या कडेच्या फळीवर उभे राहून काम करत. आता त्यांचा डावा पाय पोटरीपासून निळसर पडला होता आणि हाताला गार लागत होता. डॉक्टरांनी पेनएवढं एक यंत्र पावलाला लावून दाखवलं. निरोगी पायाला लावलं की त्यातून रक्त वाहण्याचा फुसफुस आवाज येतो. इथे काहीच आला नाही. बायको, देवकी, पलंगाच्या पायथ्याशी बसून ते पाऊल दोन्ही तळव्यांत धरून होती, जणू ऊब देऊन उपयोग होणार होता. शेठ व्हरांड्यात जाऊन उभे राहिले.

डॉक्टरांनी इंग्रजीत मला स्वच्छ सांगितलं, की रक्त पातळ ठेवायचं औषध चालू आहे, पाय अजून दोन दिवस तग धरेल. तेवढ्यात गुठळी विरघळली तर ठीक, नाही तर तिसऱ्या दिवशी कापावा लागेल. त्यांच्याकडे परदेशी नळी एकच होती. ती धुण्याच्या खोलीत दोरीवर वाळत घातलेली मी पाहिली, वेटोळं करून. तिची अर्धी छिद्रं बुजली होती. म्हणजे आमची नळी, नाहीतर करवत.

मग प्रयोग. एक नळी मुद्दाम वेगळी, चाचणीपुरती आणली होती. तशतरीत ती ठेवून डॉक्टरांनी निळं पाणी पिचकारीने सोडलं. वीतभर लांबीवर, सुरुवातीपासून टोकापर्यंत, सारखे निळे तुषार उडाले. डॉक्टरांनी पुन्हा पिचकारी भरली आणि पुन्हा तेच केलं. माझी मान ताठ झाली, हे कबूल करायला मला मुळीच संकोच नाही.

उरलेल्या नळ्या रोग्यासाठी. तिथल्या मुख्य परिचारिका सिस्टर एलियम्मा यांनी खोका उघडला, पहिलं पाकीट उजेडात धरलं आणि थांबल्या. दुसरं काढलं, तिसरं काढलं. मग सगळी टेबलावर ओळीने मांडली. प्रत्येक पाकिटाच्या कागदी बाजूवर, अगदी मधोमध, कुंकवाचं एकेक बोट.

खोक्यावर कुंकू का नव्हतं ते तेव्हा उमगलं. जे माणसाच्या अंगात जायचं त्याला लावायचं, पुठ्ठ्याला लावून काय उपयोग, असा वहिनींचा सरळ विचार. केस, धूळ, बांगडी यांवर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवणारी ही बाई; पण कुंकू हा मळ असू शकतो हे तिच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्याही आलं नसतं. आमच्यापैकी कुणाच्याच नाही. कुंकू पाण्यात कालवून लावलेलं होतं. पाकिटाचा तो कागद मुद्दाम असा असतो की त्यातून गॅस आत जावा. ओलावाही जातो. आणि ओलावा गेला की आतलं निर्जंतुकपण संपलं.

शेठ पुढे झाले. हिंदीत म्हणाले, की वरच तर लागलं आहे, आत कुठे काय आहे, आणि हा देवाचा आशीर्वाद आहे. यावर सिस्टर चक्क मराठीत बोलल्या. तरुणपणी त्यांनी मुंबईच्या इस्पितळात बरीच वर्षं काढली होती.

"पूजा केली ते चांगलं केलं. पण हात ओला होता. ही पाकिटं मी आत नेणार नाही."

शेठनी माझ्याकडे पाहिलं, मी सिस्टरांकडे पाहिलं, आणि डॉक्टर मेनननी त्या बाईंपुढे हात जोडल्यासारखे केले. त्या इस्पितळात हुकूम कुणाचा चालतो ते आम्हाला कळलं. मी स्वतः सिस्टरांच्या जागी असते तर हेच केलं असतं, आणि तसं मी शेठना तिथल्या तिथे सांगितलं. ते माझ्यावर संध्याकाळपर्यंत रुसले.

उपाय सिस्टरांनीच काढला. इस्पितळात गॅसचं यंत्र होतं, कोरी पाकिटं होती. नळ्या नव्या पाकिटांत घालून पुन्हा गॅस द्यायचा. आमच्या प्लॅस्टिकला दुसऱ्यांदा गॅस चालतो हे आम्ही गाळ्यात तपासून ठेवलेलं होतं, कागद माझ्यापाशी होते. प्रश्न वेळेचा होता. गॅस विषारी. नळीतून तो पुरता निघून जाईपर्यंत ती हवेशीर कपाटात ठेवावी लागते. एक अख्खा दिवस जाणार होता, आणि वेलायुधनच्या पायाकडे दोनच होते.

शेठनी वहिनींना यातलं काही फोनवर सांगायचं नाही असं मला बजावलं. मी होकार दिला. घरी आल्यावर मीच शांतपणे सांगितलं, आणि आता आमच्या गाळ्यात कुंकू खोक्याला लागतं, तेही कोरडं.

बेपूर

नळ्या कपाटात आणि आम्ही बाहेर. इस्पितळात बसून शेठ येरझाऱ्या घालत होते, त्या बघून सिस्टरांनी आम्हाला अक्षरशः हाकललं. जा, बेपूर बघून या, म्हणाल्या. बसने गेलो.

नदी समुद्राला मिळते तिथे नारळीच्या बनात ते जहाज उभं होतं. एखाद्या चाळीएवढं उंच, नुसत्या लाकडाचं. नकाशा नाही, आराखडा नाही, सगळं डोक्यात, असं तिथला एक माणूस हातवारे करून सांगत होता. फळ्यांच्या फटींत दोर ठासत होते. डाव्या बाजूला वरच्या फळीवर एक जागा रिकामी होती, तिथे वेलायुधनची पटाशी खोचलेली होती. कुणी ती काढली नव्हती. शेठनी बराच वेळ वर पाहिलं आणि मग म्हणाले, "ताई, यो मानूस एका पायावर तिथं नाय उभा राहू शकत."

जेवायला खाडीकाठच्या एका घरगुती खानावळीत गेलो. शिकलेल्या शब्दांवर चोरु आणि मीन मागवलं. भात लाल, जाड, आमच्या कोकणातल्या उकड्याचा थोरला भाऊ. सोबत तांदळाच्या पिठाची पातळ भाकरी आली, तिला ते पत्तिरी म्हणतात. शेठनी ती उजेडात धरली. भाकरी आमचीच, फक्त हिची तब्येत नाजूक, असा निकाल दिला. मग मासा आला आणि शेठचा रुसवा पार गेला. जिताडा होता. पनवेल-उरणच्या खाडीतला जिताडा म्हणजे शेठच्या लेखी जगातली शेवटची चांगली गोष्ट. जावयाला आणि साहेबाला घालायचा मासा. तो इथेही निघावा याचं त्यांना सुख झालं आणि थोडं वाईटही वाटलं. आमच्या कोकमाच्या जागी इथे एक काळी, धुरावलेली आंबट फोड घालतात. चांगली लागते. शेठ म्हणाले, चांगली हाय, पन भारतीच्या हातची नाय. मी माशाला हात न लावणाऱ्या घरातून आलेली. पनवेलला आल्यावर शेठच्या घरी शिकले, आणि त्या दिवशी काटे त्यांच्याइतकेच साफ केले.

पाय

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरांनी पाकीट उजेडात धरलं, उलटंपालटं केलं आणि मान हलवली. मला आणि शेठना काचेच्या अलीकडे उभं केलं. आत एक्स-रेच्या पडद्यावर वेलायुधनच्या पायातल्या वाहिन्या झाडाच्या फांद्यांसारख्या दिसत होत्या, आणि गुडघ्याखाली फांदीच संपत होती. डॉक्टरांनी जांघेतून आमची नळी सरकवली. पडद्यावर बारीक रेघ पुढे जायला लागली. एका वळणावर ती अडली. डॉक्टरांनी ती मागे घेतली, चिमटीत फिरवली, पुन्हा पुढे. अजून अडली. शेठनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की मला नंतर बांगडीचा वळ दिसला. मी मनात वळणावरचा प्लॅस्टिकचा मऊपणा मोजत होते. कमी पडला का, जास्त झाला का. तिसऱ्यांदा रेघ वळणाला वाकली, जिथे वाकायला हवी तिथेच वाकली आणि सुळकन गुठळीत गेली.

मग औषध थेंबाथेंबाने सुरू झालं आणि आम्हाला पाठवून दिलं. त्या दिवसाचं लिहिण्यासारखं काही नाही. हलव्याच्या गल्लीत फिरलो, कुठल्या रंगाचा घेतला ते घरी येईपर्यंत माहीत नव्हतं.

सकाळी खोलीत शिरलो तेव्हा देवकी पायथ्याशी नव्हती, उशाशी बसून नवऱ्याला कांजी भरवत होती. डॉक्टरांनी ते पेनएवढं यंत्र पावलाला लावलं. आधी खरखर, मग आवाज आला. फुस, फुस, फुस. भरतीचं पाणी खडकाच्या कपारीत शिरावं तसा. डॉक्टरांनी मला जवळ बोलावलं, माझी दोन बोटं पावलाच्या पाठीवर ठेवली. पाऊल कोमट होतं आणि बोटांखाली नाडी उडत होती. वेलायुधननी आमच्याकडे पाहून अंगठा हलवला, मग बाकीची बोटं, एकेक करून, मुलांना गंमत दाखवावी तशी.

मला रडू आलं. गर्वाने आलं, लपवायचं कशाला. ज्या नळीला मुंबईच्या परिषदेत डॉक्टर मेनन सोडले तर कुणी हात लावला नाही, ती मसाल्याच्या गिरणीशेजारच्या गाळ्यात आमच्या बायकांनी केलेली नळी, आणि तिच्या वाटेने या माणसाचं रक्त परत आलं होतं. शेठनी देवकीला हात जोडले आणि तिनेही जोडले. वडिलांच्या पायाची गोष्ट या एका ठिकाणी त्यांनी सांगितली नाही.

दुपारी डॉक्टरांनी नळी बाहेर काढली. शेठनी सिस्टरांना अजिजीने विचारलं, की ती मिळेल का, गावात दाखवायला. सिस्टर नाही म्हणाल्या. मग त्यांनी कात्री घेतली, आमच्या नळीचे दोन तुकडे केले आणि जाळायच्या बादलीत टाकले. शेजारच्या धुण्याच्या खोलीतल्या दोरीवरचं ते परदेशी वेटोळंही काढलं आणि तेही बादलीत गेलं. डॉक्टर मेनन दारात उभे राहून बघत होते.

तिथून थेट एसटीडी बूथ. गाळ्यातला फोन पहिल्याच घंटीला उचलला गेला, म्हणजे वहिनी शेजारीच बसल्या असणार. शेठ फोनवर बोलतात तेव्हा फोनची गरज नसते, त्यामुळे दोन्ही बाजू मला ऐकू आल्या. पाय वाचला का, असं वहिनींनी आधी विचारलं. वाचला. बोटं हलवली, असंही शेठनी सांगितलं. मग नळीचं विचारलं.

"सिस्टरनी कापून फेकली," शेठ म्हणाले.

पलीकडून वहिनींचा बारीक आवाज आला. "खराब निगाली का काय?"

"नाय गो. एकदा वापरली, फेकली. आता दुसऱ्या मानसाला दुसरी."

मग वहिनी रिसीव्हर बाजूला धरून खोलीतल्या बायकांना तेच मोठ्याने सांगताना ऐकू आल्या, आणि त्यानंतर टाळ्या. शेठनी रिसीव्हर माझ्या हातात दिला.

"ताई," वहिनी म्हणाल्या, "मंग आजून लागतील ना. तुमी या लवकर, आमी बसलो पन कामाला."